संगीत खुर्चीतून ‘आउट’ काढून टाकलं तेव्हा : पाचवीच्या एका वर्गाचं प्रकरण

जुलैमधला शनिवार, सकाळची शाळा. पाऊस असा लागलेला की मैदानाचं तळं झालं होतं, कवायत रद्द, आणि पाचवीची ४२ पोरं वर्गात कोंडलेली. मी म्हटलं चला, संगीत खुर्ची खेळू. बाकं भिंतीला लावली, ऑफिसातून आणि शेजारच्या वर्गातून प्लास्टिकच्या खुर्च्या गोळा केल्या, दहा-दहाचे गट पाडले आणि मोबाईलवर गाणं लावलं. दुसऱ्या गटात पहिल्याच फेरीला एक मुलगा आउट झाला. सगळी पोरं नेहमीसारखी ‘आउट आउट आउट’ ओरडली. तो बाजूला गेला नाही, दोन सेकंद तसाच उभा राहिला आणि मग समोरची खुर्ची उचलून फेकली. खुर्चीचा पाय एका मुलीच्या ओठाला लागला. रक्त, रडारड, तिला घेऊन दवाखान्यात पळापळ, दोन टाके. खुर्च्या मांडल्या मी, गाणं बंद केलं मी, त्यामुळे ते टाके मला आजही आठवतात.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण त्यानंतर दिवाळीपर्यंत आम्ही वर्गात जे केलं ते इतर शिक्षकांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. मी नाशिकला सातपूरच्या बाजूला शिकवते. आमच्याकडची बरीचशी पोरं एमआयडीसीत काम करणाऱ्या घरांतली, कुणाचे वडील सीएनसी मशीनवर, कुणाची आई पॅकिंगला, कुणाची भाजीची गाडी. वर्गात मराठी, हिंदी, अहिराणी तिन्ही चालतात. ज्या मुलाबद्दल लिहितेय त्याला आपण बारक्या म्हणू. अंगाने लहानखुरा, जूनमध्येच बागलाणातल्या एका गावातून आलेला, वाचन ठीकठाक, गणित चांगलं, आणि तास कुठलाही असो बाकाच्या फळीवर बोटं सतत वाजत असणार. शाळा सुरू होऊन सव्वा महिना झाला होता आणि तेवढ्यात खुर्चीच्या आधी त्याच्या तीन मारामाऱ्या झाल्या होत्या. एक कंपासवरून, एक रांगेतल्या धक्क्यावरून, आणि एक कशावरून झाली ते दोघांनाही सांगता आलं नाही. स्टाफरूममध्ये शिक्का बसलेलाच होता, ‘तो ना, फार रागीट आहे.’

सोमवारी आईवडील आले. वडिलांना सेकंड शिफ्टला जायचं होतं, कंपनीचा शर्ट घालूनच आले होते, आणि पहिलं वाक्य हेच, ‘मॅडम, तुम्ही हाणा त्याला, मी काय म्हणणार नाही.’ मी त्यांना सांगितलं की २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला मारायलाही बंदी करतं आणि मानसिक त्रास द्यायलाही, आणि कायदा नसता तरी मी मारलं नसतं. आई तोपर्यंत दाराशी गप्प उभी होती. निघताना म्हणाली, ‘गावाला असा नव्हता हो. आजोबासोबत रोज संध्याकाळी भजनाला बसायचा, टाळ धरायचा. इथं आल्यापासून बोलतच नाही काही, एकदम फुटतो.’

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा येतो की त्याचा नेमका अर्थ घासून गेलाय. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली आणि १९९५ला डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. सॅलोव्ही आणि मेयर यांनी नंतर तिचे चार भाग केले. भावना ओळखणं, म्हणजे स्वतःची आणि समोरच्याची, चेहऱ्यावरून, आवाजावरून. मग तिचा विचार करताना उपयोग करणं. मग ती कशातून आली, पुढे कुठे जाईल हे समजणं. आणि शेवटी ती सांभाळणं. आम्ही सगळे शिक्षक बारक्याच्या बाबतीत थेट चौथ्या पायरीवर उभे होतो, ‘राग कंट्रोल कर’. त्याचं अडलेलं पहिल्या पायरीवर आहे हे कळायला मला ऑगस्टचा शेवट उजाडला.

आता संगीत खुर्चीबद्दल. हा खेळ आपण सगळे खेळलोय, सोसायटीच्या गणपतीत, गॅदरिंगला, हळदीकुंकवाला, त्यामुळे त्याचा नियम कधी तपासून बघावा असं कुणाला वाटतच नाही. पण बघा ना, पहिल्यांदा आउट कोण होतं? जो उतावळा आहे तो, किंवा जो घाबरून गोंधळतो तो, किंवा नवा आलेला, ज्याला कुणी जागा देत नाही तो. आणि मग तो पुढची पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बघत बसतो. जे शेवटपर्यंत टिकतात त्यांना थांबायचा, ऐकायचा, सावध राहायचा भरपूर सराव मिळतो, आणि त्यांना तो आधीच येत असतो. पोहता येत नाही म्हणून ज्याला आधी पाण्याबाहेर काढलं तो पोहायला शिकणार कधी? मला हे फार लागलं, कारण मी गेली सोळा वर्षं हाच खेळ असाच घेत आलेय.

वाचताना मला ओरेगॉनमधला एक प्रयोग सापडला, टॉमिनी आणि मॅक्लेलंड यांचा, २०११चा. बालवाडीच्या वयाच्या ६५ मुलांवर केलेला. गोलात बसून संगीताचे आणि थांबायचे साधे खेळ, वाजलं की हला, थांबलं की थांबा, मग नियम उलटा करा. एकूण सगळ्या मुलांत मिळून फार फरक दिसला नाही, पण ज्या मुलांचा स्वतःवरचा ताबा सुरुवातीला कमी होता त्यांच्यात सुधारणा झाली. म्हणजे आम्ही ज्यांना आउट करत होतो त्यांनाच या खेळाचा फायदा होणार होता. माझी पोरं वयाने मोठी, वर्ग मोठा, सगळंच वेगळं, पण दिशा मिळाली.

ऑगस्टपासून बुधवारचा शेवटचा तास आणि शनिवारची पंचवीस मिनिटं असं ठरवलं. मोबाईल बाजूला ठेवला आणि घरची ढोलकी आणली. मोबाईलवरचं गाणं मुलांकडे बघत नाही. ढोलकी मी पोरांच्या पायांकडे बघून हळू करू शकते, एखादा घाबरला तर आवाज खाली आणू शकते, आणि कुठे थांबायचं ते माझ्या हातात राहतं. मी लहानपणी पेटी शिकले, गांधर्वच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. आमच्या गुरुजींना फार अभिमान होता की ज्यांचं गाणं ऐकून आम्ही शिकलो ते द. वि. पलुस्कर १९२१ साली याच नाशकात जन्मले, आणि त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत जावं म्हणून. माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरी गाणं आहे, भजन आहे, पथक आहे. शाळेत मात्र ते गॅदरिंगपुरतं येतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पहिला खेळ संगीत खुर्चीच घेतला, पण खुर्च्यांऐवजी बसकरं. दहा मुलं, सहा बसकरं. ढोलकी थांबली की सगळ्यांचे पाय बसकरावर पाहिजेत, जमिनीवर एकाचाही पाय नको. दर फेरीला एक बसकर कमी होणार पण मूल एकही कमी होणार नाही. शेवटी दोन बसकरांवर दहा जण कसे मावतात ते त्यांनीच शोधायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. पाचवीतली मुलं-मुली एकमेकांचा हात धरायला तयार नसतात, त्यामुळे गट वेगळे केले, तिसऱ्या आठवड्यात ते आपोआप मिसळले. आमची मॉनिटर मुलगी, अतिशय हुशार, प्रत्येक गोष्टीत पहिली, ती खेळ संपल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, पण जिंकलं कोण?’ मी म्हटलं तूच सांग. तिला उत्तर आवडलं नाही, दोन दिवस ती जरा खट्टूच होती. तिचं पुढे काय झालं ते सांगते, कारण प्रकरण एका मुलाचं दिसत असलं तरी ते तिचंही आहे.

आणि बारक्या? बसकर भरलं की तो स्वतःच बाजूला व्हायचा. कुणी ढकललं नाही, कुणी आउट म्हटलं नाही, तरी ‘जागा नाहीये’ म्हणून भिंतीपाशी जाऊन उभा. दोन आठवडे हेच. नियम मी बदलला होता, पण जुना नियम त्याच्या अंगात मुरला होता. मी त्याला ओढून आणलं नाही. पोरांना एवढंच म्हणायचे की दहा मोजा. मोजायचे तर नऊच भरायचे, मग कुणीतरी जाऊन त्याला घेऊन यायचं. तिसऱ्या आठवड्यात एका फेरीला कुणी न्यायला यायच्या आधीच तो परत आला आणि एका पायावर, दुसऱ्याच्या खांद्याला धरून उभा राहिला.

दुसरा खेळ थांबायचा. ढोलकीवर केहरव्याचा ठेका वाजतोय तोवर चालायचं, थांबला की जागच्या जागी पुतळा. हे सगळ्यांना जमतं. मग उलटं, वाजतंय तोवर पुतळा आणि शांततेत चालायचं. इथे सगळ्यांची फजिती होते, मोठ्या माणसांचीही, करून बघा. कान सांगतो चल आणि नियम सांगतो थांब, त्या मधल्या क्षणात जो ताण येतो ना, तोच मुलांना अंगाने कळायला हवा असतो. हात उगारायच्या आधीचा क्षणही तसलाच असतो. मी हे भाषणात कधी सांगितलं नाही, फक्त खेळानंतर दोन मिनिटं खाली बसून विचारायचे, चुकायच्या जरा आधी अंगात कुठे काय झालं? कुणी म्हणायचं पोटात, कुणी म्हणायचं पाय गरम झाले. हसू यायचं आधी, नंतर पोरं खरंच विचार करून सांगायला लागली. मला विचाराल तर ही दोन मिनिटं खेळाइतकीच महत्त्वाची, ती गाळली तर नुसती धमाल उरते, धमालही चांगलीच, पण मग ते हे नव्हे.

तिसरा जोडीचा. एकाने चार मात्रा टाळीवर, मांडीवर, बाकावर वाजवायच्या, दुसऱ्याने तशाच परत करायच्या, आणि मग न बोलता पुढाकार बदलायचा. बोलायचं नाही ही अट महत्त्वाची, कारण मग डोळ्यांकडे बघावंच लागतं, त्याला आता द्यायचंय का, घ्यायचंय का. मॉनिटर मुलीला हे अजिबात जमेना. वाजवायची सुंदर, पण सोडायची नाही. तिची जोडीदार दमून बसायची. एके दिवशी तिने मला हळूच विचारलं, ‘मॅडम, मी सोडलं तर ती चुकेल ना?’ अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर केवढं ओझं आहे ते मला त्या दिवशी दिसलं. सगळ्यांच्या चुका होऊ नयेत ही आपली जबाबदारी असं तिला वाटत होतं. मी तिला म्हटलं, चुकू दे, बघू काय होतं. चुकलं, दोघी हसल्या, परत सुरू. बारक्याला पहिल्या दिवसापासून हा खेळ जमला, टाळ धरलेला हात तो.

इथे अजून एक प्रयोग सांगते, कारण तो मला फार आवडतो. किर्शनर आणि टोमासेलो यांनी २०१०मध्ये ४ वर्षांच्या ९६ मुलांना जोड्यांनी खेळवलं. अर्ध्या जोड्या गात-वाजवत खेळल्या, अर्ध्या तोच खेळ गाण्याशिवाय. नंतर मुद्दाम अशी वेळ आणली की एकाच्या गोट्या सांडतात. सोबत गायलेली मुलं गोट्या गोळा करायला जास्त वेळा धावली. सोबत एका लयीत असण्याने काहीतरी होतं, एवढं तरी त्यातून कळतं. वारीत चाललेल्या माणसाला हे सांगायची गरजही पडणार नाही.

आणि चौथा खेळ, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. एका डब्यात चिठ्ठ्या, त्यावर राग, आनंद, भीती, दुःख. चिठ्ठी काढायची, कुणाला दाखवायची नाही, आणि ती भावना बाकावर दहा सेकंद वाजवायची. शब्द नाही, चेहरा नाही, पाठ फिरवून वाजवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. सुरुवातीला आम्ही एकच वाक्य वेगवेगळ्या भावनेत म्हणायचो, ‘माझा डबा कुठे आहे’, आणि एकदा मी मुद्दाम बारक्याला म्हटलं की तुझ्या भाषेत म्हण, तर तो ‘मन्हा डबा कोठे शे’ म्हणाला, रडक्या आवाजात, आणि सगळ्यांनी बरोबर ओळखलं. अहिराणी ऐकून जी पोरं जूनमध्ये हसायची त्यांनी पुढच्या शनिवारी ते वाक्य स्वतः मागून घेतलं. यूस्लिन आणि लाउका यांनी २००३मध्ये असंख्य अभ्यास एकत्र करून दाखवलंय की माणसाचा आवाज आणि वाद्याचा आवाज भावना जवळजवळ एकाच पद्धतीने पोचवतात. दुःख संथ आणि हळू. राग जलद आणि मोठा. भीतीही जलद, पण आवाज बारीक आणि अडखळता.

तर ऑगस्टचा शेवटचा बुधवार. बारक्याची पाळी. चिठ्ठी बघितली, पाठ फिरवली, वाजवायला लागला. जोरात सुरू केलं, पण तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ते धावायला लागलं, बोटं एकमेकांत अडकल्यासारखी, आवाज बारीक बारीक होत गेला आणि मध्येच तुटला. मागच्या बाकावरून तीन-चार जण एकदम म्हणाले, ‘भीती!’ त्याने नाही म्हणून मान हलवली आणि चिठ्ठी दाखवली. राग. पुढे बसणारा एक मुलगा म्हणाला, ‘अरे पण ते घाबरल्यासारखंच वाजत होतं.’ कुणी हसलं नाही. मी ढोलकीवर दोन्ही वाजवून दाखवलं, राग हा असा, जड, एकसारखा, दणके दिल्यासारखा, आणि भीती ही अशी, पळत सुटलेली. पोरांनी डोळे मिटून ऐकलं. तास संपला.

सगळे दप्तरं भरत होते तेव्हा तो ढोलकीची खोळ घालायला माझ्याजवळ आला. खोळीची नाडी बांधता बांधता म्हणाला, ‘मॅडम, खुर्ची टाकली ना मी, तेव्हा पण तसंच वाजत होतं.’

मी म्हटलं, ‘कुठे?’

त्याने छातीवर बोट ठेवलं. मग खोळीवरूनच ढोलकीवर वाजवून दाखवलं. पळणारं, अडखळणारं, बारीक.

‘कशाची भीती वाटली रे?’

‘सगळे बघत होते ना.’

एवढंच. नाडीची गाठ मारली आणि गेला. इतके दिवस आम्ही सगळे, मी, वडील, स्टाफरूम, ज्याला राग म्हणत होतो ती भीती होती, आणि त्याला स्वतःलाही ती राग म्हणूनच माहीत होती. घाबरलेल्या मुलाला ‘राग कंट्रोल कर’ सांगून काय होणार? आणि तो पहिल्या फेरीला आउट होऊन भिंतीशी बसला असता तर ही चिठ्ठी त्याच्या हातात आलीच नसती, हेही खरं.

त्यानंतर मी शब्दांवर जास्त वेळ दिला. आमच्या पोरांकडे भावनांचे शब्द होते तीनच, राग आला, बोर झालं, टेन्शन आलं. मराठीत केवढं भांडार आहे हो! हिरमुसणं, खट्टू होणं, रुसवा, धाकधूक, हुरहुर, धास्ती, कानकोंडं होणं, ओशाळणं, चडफड. एक मोठा कागद भिंतीला लावला आणि दर शनिवारी एक शब्द घेतला, तो वाजवून बघायचा आणि मगच कागदावर लिहायचा. ‘कानकोंडं’ हा शब्द पोरांना इतका आवडला की वर्गात कुणाचं उत्तर चुकलं आणि तो गप्प झाला की शेजारचा सांगायचा, ‘मॅडम तो कानकोंडा झालाय, थांबा जरा.’ लीबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात मोठ्या माणसांच्या मेंदूचं चित्रण करताना दिसलं होतं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते. माझ्याकडे ते मशीन नाही, पण शब्द मिळाला की मुलाचे खांदे खाली येतात एवढं मी बघितलंय.

स्टाफमधून एक आक्षेप आला होता, आणि तो रास्त होता. मारामारी करणाऱ्याच्या हातात ढोलकी देताय, मग बाकीच्यांनी काय समजायचं? म्हणून ढोलकी हजेरीच्या नंबराने फिरवली, बारक्याला त्याच्या नंबरलाच मिळाली, आधी नाही. गणपतीच्या दिवसांत एक खेळ वाढवला, पथकप्रमुख. आपल्याकडे त्या महिन्यात संध्याकाळी कुठेही जा, ढोलपथकांचा सराव ऐकू येतो, ताशा पुढे आणि ढोल त्याच्या मागे, हे पोरांना शिकवावं लागत नाही. एकाने मध्ये उभं राहून हात वर नेला की सगळ्यांनी बाकं जोरात वाजवायची, हात खाली आणला की हळू, मूठ मिटली की शांत. चाळीस जणांचा आवाज आपल्या हाताने वाढवून परत खाली आणता येतो हे कळल्यावर बारक्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला माझ्याकडेही शब्द नाही. तो सगळ्यांत जास्त वेळ ‘हळू’वरच रेंगाळला.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगायलाच हवी. पथकप्रमुखच्या पहिल्या दिवशी एक मुलगी कान दाबून बाकाखाली जाऊन बसली. तिला मोठा आवाज सोसत नाही हे मला माहीत नव्हतं, तिच्या आईने नंतर सांगितलं की फटाक्यांनाही ती अशीच करते. पुढच्या वेळेपासून आवाजाची वरची मर्यादा ठरवली, तिची जागा दाराजवळ केली, आणि प्रमुख होणाऱ्याने आधी तिच्याकडे बघायचं असा नियम पोरांनीच घातला. संगीत सगळ्यांना आवडतंच असं धरून चालू नका.

फरक किती पडला? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारामारी झाली की पेन्सिलने बारीक खूण करायचे. जुलैच्या पानावर एकही आठवडा कोरा नव्हता, सप्टेंबरच्या पानावर कोरे आठवडे दिसायला लागले. पण सप्टेंबरमध्येच कबड्डीच्या मैदानावर बारक्याने एकाची कॉलर धरली होती, ती खूणही आहे. मैदानावर ढोलकी नसते, गोल नसतो, तिथे ‘आउट’ असतंच. फरक एवढा की कॉलर सोडून तो नळापाशी गेला आणि पाइपावर बोटं वाजवत उभा राहिला, मग परत आला. मॉनिटर मुलीने सहामाहीनंतर स्वतःहून सांगितलं की मॉनिटरशिप दर महिन्याला बदलू. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोठ्या वाटतात.

हे सगळं खेळांमुळेच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच काळात त्याच्या वडिलांची शिफ्ट बदलली, गणपतीत तो आठ दिवस गावी आजोबांकडे जाऊन आला, वर्गात दोन मित्र झाले. पोरं मोठीही होतात. कॅनडात शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांचा अभ्यास केला होता, दहा महिने गटाने युकुलेले शिकलेली मुलं, आणि त्यातही इतरांशी मिळूनमिसळून वागण्यात फायदा दिसला तो ज्यांना ते आधी कमी जमायचं त्यांनाच. म्हणून वर्गाची सरासरी काढून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते, तुमच्या वर्गातल्या शेवटच्या दोन मुलांकडे बघा, तेही महिनोन् महिने. माझ्याकडे तर तीनच महिने होते.

नवरात्रात वर्गात भोंडला केला, पाटावर हत्ती काढला, फेरात मुलगेही होते, खिरापतीचा डबा हलवून आवाजावरून ओळखायची पैज लागली आणि चणे की शेंगदाणे यावर भांडण होता होता राहिलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्गात एक नवा मुलगा आला, यूपीहून, मराठी अजून येत नाही. पहिल्याच शनिवारी बसकरांचा खेळ होता, ढोलकीची पाळी बारक्याच्या नंबराची. केहरवा थांबला, सगळे चार बसकरांवर चढले, नव्याला जागा दिसली नाही. तो न बोलता मागे वळला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून, जसा बारक्या उभा राहायचा. मी दहा मोजा म्हणणार तेवढ्यात बारक्या ढोलकी मांडीवर धरून बसल्या जागेवरून ओरडला, ‘अरे इधर आउट नहीं होता, आ ना!’ आणि तो येऊन दोन्ही पाय टेकवेपर्यंत त्याने ढोलकीवर हात ठेवलाच नाही.